राखीव खुर्च्या नेमक्या कुणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाट्यगृहांच्या दुरवस्थेवरची पत्रं आपल्या पानावर अधूनमधून येत असतात. स्वच्छतागृहांचा वास, मधेच बंद पडणारा एसी, तिसऱ्या घंटेनंतर मोबाइलचा टॉर्च मारत शिरणारे प्रेक्षक. सगळं खरं आहे. पण या तक्रारी आत पोचलेल्यांच्या. मी आयुष्यभर तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. मुंबईतल्या निरनिराळ्या नाट्यगृहांत निरनिराळ्या संस्थांचं बुकिंग सांभाळलं. त्यामुळे जे आत पोचलेच नाहीत, किंवा एकदा पोचून पुन्हा फिरकले नाहीत, ते माझ्या जास्त लक्षात राहिले. हे पत्र त्यांच्याविषयी आहे. लांबलंय. कापायचं तर कुठूनही कापा, मिशांचा भाग तेवढा ठेवा.

ऑनलाइन बुकिंग येण्याआधी आमच्यापुढे छापील प्लॅन असायचा. खुर्ची विकली की तांबड्या पेन्सिलीनं फुली. वर्षानुवर्षं फुल्या मारल्या की कोण कुठे बसतं हे पाठ होतं. एक कर्णबधिर जोडपं यायचं. त्यांना कायम पहिल्या तीन रांगांतल्या, डाव्या कडेच्या दोन खुर्च्या लागत. चिठ्ठी लिहून आत सरकवत. एकदा गर्दी नव्हती तेव्हा मीही चिठ्ठीवरच विचारलं, नाटक कळतं कसं? नवऱ्यानं लिहिलं, ‘पुस्तक आधी वाचून येतो.’ म्हणजे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून नाटकाचं छापील पुस्तक आणायचं, दोघांनी ते वाचायचं आणि मग प्रयोगाला यायचं. म्हणून ही दोघं जुनी नाटकं पुन्हा रंगमंचावर आली की हमखास दिसत. नव्या नाटकाला नाही, कारण त्याचं पुस्तक निघालेलं नसतं. खाली बायकोनं एक ओळ जोडली होती, ‘नट पाठमोरा झाला की आमचा ब्लॅकआउट.’

दुसरे एक गृहस्थ, अंध. बायकोबरोबर येत आणि शेवटच्या रांगेतला कोपरा मागत. ऐकणाऱ्याला पुढची जागा बरी नाही का? पण नेपथ्य कसं आहे, कोण आलं, कोण काही न बोलता नुसतंच हसलं, हे बायको त्यांच्या कानात सांगायची. आसपासच्या रसिकांनी ‘श्श’ करून करून त्यांना रांगेरांगेनं मागे ढकललं होतं.

चाकाच्या खुर्चीसाठी तर आमच्या प्लॅनवर चौकोनच नव्हता. एका नाट्यगृहात प्रेक्षागृह वरच्या मजल्यावर आणि वर जायला नुसता जिना. (नाव लिहीत नाही, अशी एकापेक्षा जास्त आहेत.) सेरेब्रल पाल्सी असलेली एक कॉलेजातली मुलगी तिथे आईबरोबर यायची. बॅकस्टेजची पोरं तिला खुर्चीसकट उचलून वर न्यायची. अगदी प्रेमानं, चहासुद्धा न घेता. जिन्यावरचे प्रेक्षक भिंतीला चिकटून वाट करून द्यायचे, एखाद्या मावशी डोळे टिपायच्या, एखादे काका ‘सांभाळून रे’ म्हणून सूचना द्यायचे. पडदा उघडण्याआधीच एक प्रवेश होऊन जायचा. पुढच्या नाटकाच्या वेळी आई एकटीच खिडकीवर आली. ‘तिचं तिकीट नको,’ म्हणाली. ‘ती म्हणते, मी जाते नाटक बघायला आणि लोक मलाच बघतात.’

आता गंमत बघा. अपंगत्व हा विषय आपल्या रंगभूमीला वर्ज्य नाही. अशा नाटकांना रुमाल लागतात, बुकिंगही चांगलं होतं. मध्यंतरात बटाटेवडा खाताखाता लोक म्हणतात, ‘काय काम केलंय हो त्यानं!’ काम केलेलं असतं धडधाकट नटानं. आणि ज्याच्यावर नाटक बेतलंय तो जिन्याखाली. उलट बाजूला आपली विनोदी नाटकं. बहिऱ्याचा गैरसमज आणि तोतऱ्याचा अडकलेला शब्द, या दोन लाफ्टरवर कित्येक अंक तरले. माझ्या खिडकीवर एक गृहस्थ यायचे. त्यांची जीभ अडखळायची, म्हणून खुर्च्यांचे नंबर घरूनच कागदावर लिहून आणायचे. अशाच एका नाटकाच्या मध्यंतरात ते निघून जाताना दिसले. पुढे कधी आलेच नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये चित्रपटांतल्या दिव्यांगांच्या चित्रणाबद्दल एक निकाल दिला आहे. दिव्यांगांना हिणवणारा विनोद वेगळा आणि दिव्यांगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा, असा फरक त्यात स्पष्ट केलाय. आमच्या विनोदी नाटकांच्या लेखकांनी तेवढी पानं तरी चाळावीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. नाटक बघून येणारा कळवळा फार टिकत नाही. दादर स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीत तो बहुतेक सांडतो. माणसं बदलताना मी पाहिलीत ती तालमीत.

मी लालबागच्या एका चाळीत राहतो. आमच्या मंडळाची एकांकिका दर गणपतीत होते. लेखक चाळीतला, नट चाळीतले, नेपथ्य कुणाच्या तरी घरचं. काही वर्षांपूर्वी पोरांनी ठरवलं की चाळीतल्या कर्णबधिर मुलाला एकांकिकेत घ्यायचं. मुलगा म्हणजे तिशीचा, लोअर परळला एका ऑफिसात डिझाइनचं काम करतो. शाळेत त्याला ओठ वाचायला शिकवलेलं, खुणांची भाषा मित्रांत शिकलेला. पहिला प्रस्ताव आला तो अर्थातच ‘बहिऱ्या मुलाची कथा’ लिहायचा. त्यानं मोबाइलवर टाइप करून सगळ्यांपुढे धरलं, ‘ते मी रोज करतो. मला भाडंवसुलीवाला करा.’ झालं. एकांकिकेतल्या घरमालकाचा माणूस तो झाला. दारं ठोठावत फिरणारा, वहीत हिशेब दाखवणारा, एक अक्षर न बोलता सगळ्यांची गाळण उडवणारा.

तालमी सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात पंचाईत. घरमालकाचं काम आमच्या मजल्यावरच्या एका काकांकडे. कोल्हापूरकडचे, आणि त्यांना झुपकेदार मिशा लावायची फार हौस. मिशा लावून ते उभे राहिले आणि या मुलाच्या एन्ट्र्या चुकायला लागल्या. कुणाला काही कळेना. शेवटी त्यानं स्वतःच काकांच्या मिशांकडे बोट दाखवून कात्रीची खूण केली. वरचा ओठ झाकला की तो काय वाचणार! काका रुसले. मिशांशिवाय घरमालक शोभत नाही, हे त्यांचं कलात्मक मत. दोन दिवस तालमीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तलवारकट घेऊन, ओठाच्या वर रेघेएवढी. म्हणाले, ‘घरात आरशापुढे बसून बायकोला आवाज न काढता बोलायला लावलं. मलाही काही कळेना.’

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. त्याला क्यू, म्हणजे पाळी आल्याची खूण, देताना विंगेतून हाक मारून उपयोग नाही. टाळी वाजवूनही नाही. अंधारात तर हातवारेही दिसत नाहीत. प्रकाशयोजनेच्या पोरानं टॉर्चवर लाल जिलेटिनचा तुकडा चिकटवला आणि विंगेतून तो दाखवायला लागला. पण भाडंवसुलीवाला प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असेल तर? त्यावर त्यानंच उपाय सांगितला. आमच्या मंचाच्या फळ्या पोकळ आहेत. मागच्या नटानं वाक्य संपलं की टाच आपटायची, हादरा त्याच्या तळपायापर्यंत जातो. हे जमल्यावर एक वेगळाच परिणाम झाला. टाच कधी आपटायची हे कळायला आपलं वाक्य नेमकं कुठे संपतं हे माहीत लागतं. हौशी नटांना ते कुठे माहीत असतं? वाक्याच्या शेपटीला स्वतःचे दोन शब्द जोडायची त्यांची खोड गेली. इतकी बांधीव एकांकिका आमच्या मंडळानं आधी केलेली मला आठवत नाही.

प्रयोगाला टाळ्या पडल्या. मुलाचे मित्र मागे उभे होते, त्यांनी दोन्ही हात वर करून पंजे फिरवले. त्यांची टाळी तशी. चाळीतल्या बारक्यांनी ते लगेच उचललं. आता आरतीनंतरही पंजे फिरवतात, भटजी वैतागतात.

पण मला सांगायचंय ते यानंतरचं. आमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत. विकास नियमावलीत अशा इमारतींसाठी ३३(७) हा नियम आहे, त्याखाली पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. त्याच हिवाळ्यात विकासकाची माणसं आली, अंगणात सभा भरली. कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ) किती, कॉर्पस (देखभालीचा निधी) किती, ट्रान्झिटचं, म्हणजे तात्पुरत्या घराचं, भाडं किती महिन्यांचं आगाऊ. पूर्वी अशा सभांना हा मुलगा मागे उभा राहायचा आणि घरी जाऊन आईच्या ओठांवरून दोन वाक्यांत सारांश वाचायचा. घर त्याच्या नावावर, सही त्याची आणि सारांश आईचा. त्या दिवशी तेच मिशावाले काका कुणी न सांगता त्याच्या शेजारी वही घेऊन बसले आणि बोललेलं लिहून दाखवायला लागले. थोड्या वेळानं उभे राहून विकासकाच्या माणसाला म्हणाले, ‘जरा इकडे तोंड करून बोला आणि आकडा फळ्यावर लिहा.’ बालवाडीचा फळा आणला गेला. आकडे फळ्यावर आले आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनी श्वास सोडला. त्यांनाही इतके दिवस काही ऐकू येत नव्हतं, पण सांगायची लाज. भाड्याचा एक आकडा आधी तोंडी सांगितलेल्यापेक्षा कमी निघाला. तो या मुलानंच पकडला. हिशेबाची वही दाखवायची सवय एकांकिकेतली!

काकांना ‘संवेदनशीलता’ वगैरे विषयावर कुणी व्याख्यान दिलं असतं तर ते पहिल्या दहा मिनिटांत डुलकीला लागले असते. संध्याकाळच्या संध्याकाळ दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत क्यूची वाट पाहिली, त्यातून ही सवय लागली. तिला मी कळवळा म्हणत नाही. कळवळ्यात एक जण वर असतो आणि एक खाली. इथे भाडंवसुलीवाला चुकला असता तर घरमालकही आपटला असता.

यात नवीन काही नाही, निदान आमच्या गिरणगावात नाही. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात होते. बाण्याचा (आडवा) धागा तुटला की तो तोंडानं ओढून घ्यावा लागे. उष्ट्याचा विटाळ नको म्हणून दलित कामगाराला त्या खात्यात उभं करत नसत. चांगल्या पगाराचं खातं त्यांना बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. त्याच गिरणगावात १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. वाटेगावच्या मातंग कुटुंबातले अण्णा भाऊ साठे, बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख, आणि शाहीर गव्हाणकर. वडील सांगायचे, झील ओढताना, म्हणजे शाहिरामागे सूर धरताना, कोण कुणाचा ते कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी खात्यात पुन्हा कळायचं, हेही तेच सांगायचे. एका पोवाड्यानं जात गेली असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी एकत्र झील ओढली ते मोर्च्यात एकत्र चालले, हा इतिहास आहे.

आता मुद्द्याचं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरलेली आहेत, आणि कलम २९ आहे सांस्कृतिक जीवनाबद्दल. त्यात शासनाबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही जबाबदारी टाकली आहे. दिव्यांग कलाकार-लेखकांना आधार द्यायचा, कला त्यांच्यापर्यंत पोचेल अशी करायची, कलेचे अभ्यासक्रम त्यांना भाग घेता येईल असे बदलायचे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे मुंबईत महापालिका, आणि विलेपार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास ही तिची स्वतःची नाट्यगृहं. चित्रपटगृहांसाठी केंद्रानं मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्णबधिरांसाठी पडद्यावर संवादांची पट्टी, अंधांसाठी कानात वर्णन, असं त्यात आहे. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक असून चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरात बजावलं. नाटक मात्र या सगळ्या चर्चेत कुठे नाही. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकातली, दादरची अंधशाळा १९०० सालची. सव्वाशे वर्षं आपण ही मुलं शिकवतोय. शिकून संध्याकाळी कुठे जायचं, ते ठरवलेलं नाही.

निर्माते म्हणतील, खर्च. मी त्यांचाच माणूस, गल्ला मोजलेला. आठवड्याच्या मधल्या प्रयोगाला मागच्या रांगा रिकाम्या असतात, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. संहिता चार दिवस आधी वाचायला देण्याचा खर्च किती? मोबाइलवर पाठवा, प्रयोगानंतर पुसून टाकल्याची सही घ्या. अंध प्रेक्षकांना पडदा उघडण्याआधी दहा मिनिटं रंगमंचावर न्या. सोफा कुठे, दार कुठे, हे हातानं बघू द्या, नायिकेच्या शालूला हात लावू द्या. नेपथ्यवाले कुरकुरतील, कारण नेपथ्य तेव्हाच लागत असतं. मग वीस मिनिटं आधी लावा, बाकीच्यांवरही उपकार होतील. पडद्याच्या कडेला संवादांची पट्टी दाखवायला एक प्रोजेक्टर आणि संहिता पाठ असलेलं एक माणूस लागतं. प्रॉम्प्टर नावाची जमात अजून पूर्ण संपलेली नाही. खुणांच्या भाषेचा दुभाषा मात्र फुकट मागू नका. ते कौशल्याचं काम आहे, त्याला नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, द्या.

बालनाट्याचं तर सर्वांत सोपं. मे महिन्याच्या सुट्टीतल्या सकाळच्या प्रयोगाला तशीही पोरं गप्प बसत नाहीत. त्यातल्या एका प्रयोगाला प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण घालवू नका, भोंगे आणि राक्षसाचं हसणं थोडं खाली ठेवा आणि मधेच उठून फिरायला मोकळीक द्या. स्वमग्न मुलांच्या आयांना मी खिडकीवर विचारताना ऐकलंय, ‘ओरडला तर बाहेर काढाल का?’ डोअरकीपरनं काय सांगायचं हे जाहिरातीतच छापा.

राज्य शासन दिव्यांग बालनाट्य स्पर्धा घेतं. चांगलं आहे, त्या मुलांना मंच मिळतो, मी त्याविरुद्ध नाही. पण तिथे प्रेक्षक कोण? पालक, शिक्षक आणि परीक्षक. माझी विनंती आहे की मूळच्या बालनाट्य आणि हौशी नाट्य स्पर्धांत मिश्र संघांना उत्तेजन द्यावं, आणि परीक्षकांनी त्यांना कौतुकाचे चार गुण जास्त देऊ नयेत. भाडंवसुलीवाल्याला ते चाललं नसतं.

परळचं दामोदर, १९२२ चं, कामगार रंगभूमीचं आणि कोकणातल्या नमन-जाखडीचं हक्काचं घर, २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं. नवं नाट्यगृह कसं असावं यावर कलावंत बरंच बोलले. त्यात एक भर. रंगमंचावर जाणारा उतारही मूळ नकाशात काढा. प्रेक्षागृहाचा उतार सगळ्यांना सुचतो. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस नट असू शकतो, पारितोषिक घ्यायला वर येऊ शकतो, हे नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आणि प्लॅनवर चाकाच्या खुर्च्यांसाठी चौकोन काढाल ते सगळे एका कोपऱ्यात एकत्र नकोत. त्या मुलीला आईशेजारी बसायचं असतं.

राहिला राखीव खुर्च्यांचा प्रश्न. पुढच्या रांगांत अधिकारी, पदाधिकारी, पाहुणे यांच्यासाठी खुर्च्या ठेवायची पद्धत आहे. खिडकीवर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागते, माणसं परत जातात आणि तिसऱ्या घंटेनंतर डोकावलं तर त्या खुर्च्या मोकळ्या. ओठ वाचणाऱ्याला नेमकी तीच जागा लागते. प्रयोगाआधी अर्धा तास जो पासवाला आला नाही, त्याची खुर्ची या प्रेक्षकांना द्यावी, एवढा ठराव महापालिकेनं आणि निर्माता संघानं मिळून केला तरी सुरुवात होईल.

कुणी निर्माता असा एक साधा, रोजचा, तिकीट लावलेला प्रयोग करायला तयार असेल तर बुकिंग मी सांभाळीन, मानधन नको. खास प्रयोग म्हणून जाहिरात करायची नाही, सत्कार ठेवायचा नाही, मध्यंतरात भाषण नाही. प्लॅन छापील हवा, तांबडी पेन्सिल माझ्याकडे आहे. आणि त्या दिवशी पहिल्या तीन रांगांचे पास मागायला कुणी येऊ नये, ओळख दाखवली तरी मिळणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त बुकिंग क्लार्क
लालबाग, मुंबई